मातीचा राखणदार

विहीर आटली की घरोघरी पाण्याची आठवण होते. माती मात्र विहिरीसारखी एकाएकी आटत नाही. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर ती थोडी वाहून जाते, वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर थोडी उडून जाते. आज किती गेली, हे शेतकऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वीस-तीस वर्षांनी पीक उतरेनासे होते, तेव्हा तो कधी पावसाला दोष देतो, कधी बियाण्याला, तर कधी नशिबाला. खरा चोर तोपर्यंत दूर निघून गेलेला असतो. हा चोर ओळखणारे आणि त्याच्याविरुद्ध साऱ्या देशाला जागे करणारे एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव ह्यू हॅमंड बेनेट.

बेनेट यांचा जन्म १५ एप्रिल १८८१ रोजी अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात झाला. वेड्सबरो या गावाजवळ त्यांच्या वडिलांची कापसाची शेती होती. जमीन उताराची होती. पाऊस पडला की पाणी लाल माती घेऊन खाली धावे. वडील उतारावर आडवे बांध घालून जमिनीच्या पायऱ्या करीत. लहानगा ह्यू त्यांच्या हाताखाली काम करी. एवढी मेहनत कशासाठी, असे त्याने एकदा वडिलांना विचारले. जमीन वाहून जाऊ नये म्हणून, एवढेच उत्तर वडिलांनी दिले. ते साधे उत्तर त्या मुलाच्या मनात रुजले आणि पुढे तेच त्याच्या आयुष्याचे काम झाले.

घरची स्थिती बेताची होती. ह्यू चॅपेल हिल येथील विद्यापीठात शिकायला गेला, पण पैशाअभावी त्याला मध्येच शिक्षण थांबवावे लागले. दोन वर्षे त्याने औषधाच्या दुकानात नोकरी केली, पैसे साठवले आणि पुन्हा वर्गात जाऊन बसला. रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्याच्या आवडीचे विषय होते. १९०३ साली तो पदवीधर झाला. त्याच वर्षी त्याला सरकारच्या मृदा विभागात नोकरी मिळाली. मृदा म्हणजे माती. गावोगाव हिंडायचे, जमिनीत भोके पाडून माती तपासायची आणि तिचे नकाशे तयार करायचे, असे ते काम होते.

१९०५ साली बेनेट आणि त्यांचे एक सहकारी व्हर्जिनिया राज्यातील लुईझा परगण्यात पाहणी करीत होते. तेथे त्यांना जमिनीचे दोन तुकडे अगदी शेजारीशेजारी दिसले. एका तुकड्यावर झाडी होती. तेथील माती मऊ, भुसभुशीत आणि ओलसर होती. दुसऱ्या तुकड्यावर बरीच वर्षे नांगर चालला होता. तेथील जमीन टणक झाली होती. दोन्ही तुकड्यांचा उतार सारखा होता, खालचा खडकही एकच होता. मग हा फरक कशाने पडला? बेनेट यांनी पुष्कळ विचार केला. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, नांगरलेल्या शेतावरून दर पावसाळ्यात मातीचा पातळ पापुद्रा निघून गेला आहे. ओघळ पडले असते, घळी झाल्या असत्या, तर ते कोणालाही दिसले असते. पण सगळ्या शेतावरून सारखाच पापुद्रा निघाला, म्हणून तो कोणाला दिसला नाही. वरची सुपीक माती गेली आणि खालची नापीक माती उघडी पडली.

बेनेट यांनी हे आपल्या अहवालांतून मांडले. परंतु त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. त्यांच्याच विभागाने १९०९ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. माती ही कधीही न संपणारी संपत्ती आहे, असे तीत म्हटले होते. वरिष्ठांचे मत असे असताना एका तरुण नोकराने त्याविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. बेनेट यांनी नोकरी सोडली नाही आणि मतही सोडले नाही. कामानिमित्त ते पनामा, अलास्का, क्यूबा अशा दूरदूरच्या प्रदेशांत गेले. जेथे जात तेथील माती हातात घेऊन पाहत. उष्ण देश असो की थंड, माणसाने जमिनीवरचे गवत आणि झाडी काढली की माती जाऊ लागते, असा अनुभव त्यांना बहुतेक ठिकाणी आला. ते वर्तमानपत्रांत लिहीत, शेतकऱ्यांच्या सभांत बोलत. अशी वीस वर्षांहून अधिक वर्षे गेली.

१९२८ साली बेनेट आणि त्यांचे सहकारी चॅपलाइन यांनी मिळून एक छोटी पुस्तिका लिहिली. मातीची धूप हे राष्ट्रावरचे संकट आहे, असे तिच्या नावातच म्हटले होते. ही पुस्तिका टेक्सास राज्यातील जेम्स बुकॅनन नावाच्या लोकप्रतिनिधींनी वाचली. त्यांच्या प्रयत्नाने अमेरिकेच्या संसदेने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १,६०,००० डॉलर मंजूर केले. त्या पैशातून ओक्लाहोमा राज्यात गथ्री, कॅन्सास राज्यात हेज अशा निरनिराळ्या ठिकाणी संशोधन केंद्रे निघाली. तेथे उतारावर लहान लहान वाफे केले. एकात गवत ठेवले, दुसऱ्यात मका लावला, तिसरा नांगरून उघडा ठेवला. प्रत्येक वाफ्यातून वाहून जाणारे पाणी आणि माती टाकीत गोळा करून मोजली. मिसूरी राज्यात असे प्रयोग आधीच झाले होते. गवताखाली हजारो वर्षे टिकेल असा मातीचा थर नांगरलेल्या उतारावरून काही दशकांतच निघून जातो, असे या मोजणीवरून दिसून आले. आता बेनेट यांच्या हाती नुसते मत राहिले नाही, पुरावा आला.

याच काळात अमेरिकेच्या मध्यभागी एक मोठे संकट वाढत होते. तेथे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत विशाल मैदाने पसरलेली आहेत. त्यांच्या कोरड्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. वारा मात्र जोराचा असतो. हजारो वर्षे या मैदानांवर आखूड गवत वाढत होते. त्याच्या मुळांचे दाट जाळे जमिनीत खोल गेलेले होते. पाऊस आला नाही तर गवत वरून वाळे, पण मुळे मातीला घट्ट धरून ठेवीत. या गवतावर रानगव्यांचे मोठमोठे कळप चरत आणि त्यांच्यावर तेथील मूळ रहिवासी जगत. एकोणिसाव्या शतकात रानगवे मारले गेले आणि मूळ रहिवाशांना तेथून हुसकावण्यात आले. सरकारने १८६२ साली कायदा करून बाहेरून येणाऱ्या कुटुंबांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. युरोपात धान्याची टंचाई पडली. गव्हाचा भाव एका बुशेलला, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंना, दोन डॉलरच्या वर गेला. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि गवताची राने उलथून तेथे गहू पेरला. काही वर्षे पाऊस चांगला झाला. पैसा हाती आला. मग भाव कोसळला. १९३१ साली तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला. खर्च भागेना, म्हणून शेतकऱ्यांनी आणखी जमीन नांगरली. नेमका त्याच सुमारास दुष्काळ सुरू झाला. गहू उगवलाच नाही. गवत तर आधीच गेले होते. लाखो एकर जमीन उघडी पडली आणि वाऱ्याला मोकळे रान मिळाले.

धुळीची वादळे सुरू झाली. १९३२ साली अशी चौदा मोठी वादळे झाली, तर १९३३ साली अडतीस. डोंगराएवढी काळी भिंत आकाशातून चालत यावी, तसे वादळ येई. भर दुपारी घरात दिवे लावावे लागत. बायका दारे-खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबत, तरीही ताटातल्या अन्नावर धूळ बसे. माणसे तोंडाला रुमाल बांधून झोपत. धुळीने छाती भरून मुले आणि म्हातारी माणसे आजारी पडली, काही दगावली. गुरांच्या पोटात धूळ जाऊन ती मेली. कुंपणे वाळूखाली गाडली गेली. मे १९३४ मध्ये तर या मैदानांवरची माती अडीच हजार किलोमीटर उडत जाऊन न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या शहरांवर पडली. समुद्रातील जहाजांवरही तिचा थर साचला. सर्वांत भयंकर वादळ रविवार, १४ एप्रिल १९३५ रोजी झाले. त्या दिवसाला लोक काळा रविवार म्हणू लागले. या साऱ्या प्रदेशाला डस्ट बोल, म्हणजे धुळीचा वाडगा, असे नाव पडले. लाखो लोकांनी घरदार सोडले आणि मिळेल त्या वाहनाने ते कामाच्या शोधात परमुलखात निघाले.

बेनेट वीस-पंचवीस वर्षे ज्या संकटाची सूचना देत होते, ते आता साऱ्यांच्या डोळ्यांत धूळ बनून शिरले होते. १९३३ साली सरकारने मातीची धूप थांबवण्यासाठी एक तात्पुरती यंत्रणा उभी केली आणि बेनेट यांना तिचे प्रमुख नेमले. पण तात्पुरत्या यंत्रणेने हे काम संपणार नव्हते. त्यासाठी कायदा हवा होता. १९३५ च्या वसंत ऋतूत बेनेट वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीपुढे आपली बाजू मांडत होते. त्या वेळची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. पश्चिमेकडून धुळीचे वादळ राजधानीकडे येत असल्याची खबर त्यांना मिळाली होती. म्हणून ते मुद्दामच सावकाश बोलत राहिले, आकड्यांमागून आकडे देत राहिले. सभासद कंटाळले. तेवढ्यात खिडकीबाहेर अंधारून आले आणि सूर्य झाकोळला. सभासद उठून खिडकीपाशी गेले. ज्या मातीबद्दल बेनेट बोलत होते, तीच माती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. या गोष्टीत सांगणाऱ्यांनी थोडाफार रंग भरला असेलही. पण त्या दिवसांत मैदानांवरची धूळ राजधानीपर्यंत आली होती, हे खरे आहे. २७ एप्रिल १९३५ रोजी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कृषी खात्यात मृदसंधारण सेवा हा कायमचा विभाग स्थापन झाला. संधारण म्हणजे सांभाळून ठेवणे. बेनेट या विभागाचे पहिले प्रमुख झाले.

कायदा झाला, तरी खरे काम पुढेच होते. इतका मोठा उजाड प्रदेश पुन्हा हिरवा कसा करायचा? बेनेट यांनी एक नियम ठरवला. सगळ्या जमिनीला एकच औषध चालत नाही. प्रत्येक शेताचा उतार, माती आणि पाऊस पाहूनच उपाय करायचा आणि जी जमीन जेवढे सोसेल तेवढेच काम तिच्याकडून घ्यायचे. उताराच्या शेतात वर-खाली नांगर चालवणे बंद करून समपातळीच्या रेषेवर आडवा नांगर धरायला शेतकऱ्यांना शिकवले. त्यामुळे प्रत्येक तास पाण्याला अडवणारा लहानसा बांध होऊ लागला. वाऱ्याच्या प्रदेशात खोल सऱ्या पाडल्या, म्हणजे उडणारी माती सरीत अडकून राही. कापणीनंतर धसकटे जाळून न टाकता शेतातच ठेवली. एका पट्ट्यात गहू आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात ज्वारी किंवा गवत, अशी पट्टा पद्धत सुरू केली. ज्वारीचे पीक कोरड्या हवेतही तग धरते आणि तिची ताटे वाऱ्याचा जोर मोडतात, हे आपल्याकडील शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. टेक्सास राज्यातील डालहार्ट येथे शेतांवर वाळूच्या टेकड्या जमल्या होत्या. त्या मोडून तेथे ज्वारी आणि सुदान गवत लावून जमीन बांधण्यात आली.

जी जमीन नांगराला मुळीच योग्य नव्हती, तिच्यासाठी सरकारने वेगळा मार्ग काढला. अशी पुष्कळ उजाड शेते सरकारने विकत घेतली आणि तेथे पुन्हा मूळचे गवत पेरले. हे काम सोपे नव्हते. नांगर एका दिवसात गवत उलथतो, पण तेच गवत पुन्हा रुजवायला अनेक वर्षे लागतात. बियाणे मिळत नसे, पाऊस हुलकावणी देई, पेरलेले बी वाऱ्याने उडून जाई. तरीही काम चालू राहिले. कॅन्सासमधील सिमारॉन आणि कोलोराडोतील कोमांचे ही आजची राष्ट्रीय गवताळ राने अशाच उजाड शेतांवर उभी आहेत. सरकारच्या वन विभागानेही या कामाला हात लावला. १९३५ ते १९४२ या काळात डाकोटापासून टेक्सासपर्यंत शेतांच्या कडेने वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा लावण्यात आल्या. ती झाडे वीस कोटींहून अधिक होती.

बेनेट यांना आणखी एक गोष्ट उमगली होती. सरकारी हुकमाने माती वाचत नाही. शेतकऱ्याला पटले तरच ती वाचते. सुरुवातीला बरेच शेतकरी या नव्या पद्धतींना हसत. बापजाद्यांनी सरळ तास काढले, मग आपण वाकडे का काढावेत, असे त्यांना वाटे. बेनेट त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. गावातील एखादा शेतकरी तयार झाला की त्याच्याशी करार करायचा, बियाणे, अवजारे आणि मजूर यांची मदत द्यायची आणि त्याच्याच शेतात काम करून दाखवायचे. मजुरीसाठी बेकार तरुणांची पथके येत. त्या तरुणांनाही काम मिळाले. पुढच्या वर्षी त्या शेतात ओल टिके, पीक उभे राही. मग शेजारी आपणहून विचारायला येत. धिप्पाड शरीराचे आणि मोठ्या आवाजाचे बेनेट स्वतः शेताच्या बांधावर उभे राहून मातीचे ढेकूळ हातात घेत आणि साध्या भाषेत समजावून सांगत. शेतकऱ्याचा मुलगा शेतकऱ्यांशी बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवे.

हे काम लोकांच्याच हाती राहावे म्हणून १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या राज्यपालांना पत्र पाठवले. प्रत्येक राज्याने कायदा करून मृदसंधारण मंडळे स्थापावीत, असे त्यांनी सुचवले. या मंडळांचा कारभार त्या त्या भागातील शेतकऱ्यांनीच पाहावा, अशी ही योजना होती. पहिले मंडळ ऑगस्ट १९३७ मध्ये ब्राउन क्रीक येथे स्थापन झाले. ते ॲन्सन परगण्यात होते, म्हणजे बेनेट यांच्या जन्मभूमीतच. ज्या परगण्यात वडिलांच्या हाताखाली त्यांनी बांध घातले होते, तेथेच देशातील पहिले मंडळ उभे राहिले. आज अमेरिकेत अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत.

१९३८ पर्यंत उडणाऱ्या मातीचे प्रमाण बरेच कमी झाले. १९३९ च्या शरद ऋतूत चांगला पाऊस झाला आणि दुष्काळ हटला. म्हणजे यशाचा काही वाटा पावसाचाही होता. खरी परीक्षा पुढे झाली. १९५० नंतर त्याच मैदानांवर पुन्हा मोठा दुष्काळ पडला. युद्धाच्या काळात गव्हाचा भाव चढताच काही शेतकऱ्यांनी गवताची राने पुन्हा नांगरली होती. तेथे धूळ पुन्हा उडाली. पण जेथे गवत, सऱ्या आणि पट्टे टिकून होते, तेथील जमीन बरीचशी वाचली. पूर्वीसारखी गावेच्या गावे ओस पडली नाहीत. आता या प्रदेशापुढे दुसरा प्रश्न आहे. पंपांनी जमिनीखालचे पाणी उपसून शेती वाढली आणि बऱ्याच भागांत त्या पाण्याची पातळी खोल गेली. निसर्ग उसने देतो, पण हिशेब विसरत नाही, हाच त्याचा अर्थ.

बेनेट यांनी १९३९ साली मृदसंधारणावर जवळजवळ हजार पानांचा मोठा ग्रंथ लिहिला. इतर देशांतूनही त्यांना बोलावणे येऊ लागले. १९४४ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील जमिनींची पाहणी करून त्यांनी सल्ला दिला. १९५१ साली ते निवृत्त झाले. ७ जुलै १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना मृदसंधारणाचे जनक म्हणतात. त्यांनी उभारलेल्या विभागाचे नाव १९९४ साली बदलले, पण त्याचे काम अजून चालू आहे.

बेनेट यांनी नवे यंत्र शोधले नाही की नवा प्रदेश शोधला नाही. पायाखालची माती जात आहे, हे त्यांनी इतरांच्या आधी पाहिले, कोणी ऐकत नसतानाही ते सांगत राहिले आणि ऐकणारे मिळाले तेव्हा त्यांनी काम करून दाखवले. एक इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. एवढ्या काळात माणसांच्या कितीतरी पिढ्या येतात आणि जातात. म्हणून आज जो शेत कसतो, तो त्या मातीचा मालक असला तरी खरे पाहता तिचा राखणदारच असतो. आपल्याला मिळाली तशीच ती पुढच्याच्या हाती द्यायची असते. बेनेट यांच्या वडिलांनी आपल्या मुलाला दिलेल्या त्या छोट्याशा उत्तराचा अर्थ एवढा मोठा होता.